मालकाच्या भुवया

तीर्थस्वरूप विचियनदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, सवांगचा, दोन्ही हात जोडून, अंगठे कपाळाला टेकवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? चोनबुरीचा समुद्रवारा तुला चांगलाच मानवलेला दिसतो. उद्यानातल्या ज्येष्ठांच्या नाचमंडळात तू पहिल्या रांगेत पोचलास आणि ओराथायबाई तुझ्या जोडीला असतात, हेही कळलं. (कोणाकडून ते विचारू नकोस. तुझी मुलगी फोटो टाकते आणि लमाय ते बोटांनी मोठे करकरून बघते.) केस काळे केलेस ते छान दिसतात. भुवयाही केल्यास का? लमाय म्हणते केल्या आहेत, मी म्हणतो सावली पडली असेल. इकडे नान गावी सगळे खुशाल. आई बरी आहे, तिला हवं तेवढंच ऐकू येतं. लमायही बरी आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे.

तुझा निरोप मिळाला. पाण्याच्या सणाला येशील तेव्हा लाल गाडी घेऊन जाणार, जावयाला कारखान्यात जायला लागते म्हणे. घेऊन जा की! गाडी तुझी, जावई तुझा, मी मध्ये बोलणारा कोण? सहा वर्षांपूर्वी जाताना तू एवढंच म्हणाला होतास, "सवांग, इंजिन अधूनमधून चालू ठेव." ते मी ठेवलं. दर रविवारी ठेवलं. आता न्यायला येतोच आहेस, तर गाडीची ताजी हकिकत मालकाला ठाऊक असावी, एवढ्याचसाठी हे पत्र. बाकी माझा काही हेतू नाही.

रविवारी आम्ही तिघे आपापल्या दुचाकीवर निघतो. मी, उआन आणि थाविन. उआन तुला आठवत असेल, शाळेत कवायत शिकवायचा. (उआन म्हणजे 'जाड्या', आईने लाडाने ठेवलेलं नाव, आणि निघाला बांबूच्या काठीसारखा.) थाविन वाहन नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झाला, पण कचेरी त्याच्यातून निवृत्त झालेली नाही. शेतातल्या बुजगावण्यालाही तो हेल्मेट का नाही म्हणून विचारेल. आमच्या वेगाबद्दल गावात बरंच बोललं जातं, त्यातलं निम्मं खरं आहे. मागच्या महिन्यात आम्हाला एका ट्रॅक्टरने ओलांडलं, मग त्याच्या मागे बांधलेल्या गाड्याने ओलांडलं आणि त्या गाड्यावर उलट तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्याने लांबपर्यंत आम्हाला हात केला. पुलापाशी पहिली कॉफी. मग थाविनला झाडामागे जायचं असतं. मग कोळशावर भाजलेलं डुक्कर आणि चिकट भात, मग ते पचेपर्यंत एखाद्या विहाराच्या ओट्यावर आडवं होणं. इतकं करूनही दुपारपर्यंत आम्ही कुठेतरी पोचलेलो असतो, याचं आम्हालाच नवल वाटतं. दादा, एक सांगतो, हसू नकोस. आठवडाभर मी लमायचा नवरा असतो, आईचा मुलगा असतो, गल्लीतल्या पाण्याच्या पंपाचा रखवालदार असतो. रविवारी कापलेल्या भातशेतांमधून तिसऱ्या गिअरमध्ये ती लाल बया खोकत खोकत चालली की मी कोणीच नसतो. ते मला फार आवडतं. असो, हे तुझ्या माहितीसाठी.

तर गेल्या रविवारी आम्ही खिंडीपलीकडे गेलो. खिंडीच्या राखणदार आजोबांच्या देवळापाशी तीनदा हॉर्न वाजवून पुढे जायचं, हे तुला सांगायला नको. पण लाल गाडीचा हॉर्न दोन पावसाळ्यांपूर्वी मेला. (दुरुस्त का केला नाही? कारण तो आपणहून पुन्हा जिवंत होईल अशी आशा होती.) तेव्हापासून मी तोंडानेच "पीं, पीं, पीं" करतो. उआन म्हणतो हा आजोबांचा अपमान आहे. मी म्हणतो, त्या वयात कुणाला फरक कळतो!

पलीकडच्या गावात एका घरच्या पोराची भिक्खू होण्याची दीक्षा होती. मांडव, भोंगे, लांब ढोल, सगळा थाट. आम्ही सभ्य माणसांसारखे बाजूने चाललो होतो, तोच एक बाई रस्त्यात आडवी आली, "काका, जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" आता असं कोणी म्हटल्यावर जाणारा माणूस आमच्यात तरी नाही. चिंचेखाली गाड्यांची रांग होती, तिथे आमच्याही लावल्या आणि पंगतीला बसलो. कोण कुणाचा पाहुणा हे तिसऱ्या वाढणीपर्यंत कोणी विचारलं नाही. उआन ढोलापुढे इतका नाचला की नवऱ्या मुलासारखा नटलेला तो दीक्षार्थी बाजूला राहिला आणि लोक उआनचेच फोटो काढू लागले. पोट जड झाल्यावर बाहेर आलो, तर गाडी नाही.

म्हणजे लाल गाडी होती. तशीच, त्याच वयाची, तेवढीच गंजलेली. पण तिला दोन आरसे आणि पुढे गुलाबी टोपली. उआन म्हणाला, "अरे, हीच तुझी. टोपली कोणीतरी भेट दिली असेल." मी म्हटलं, "गाढवा, गेली सहा वर्षं मला उजवीकडचं जग दिसलेलं नाही, आणि आता आरसा उगवला?" गंमत म्हणजे माझी किल्ली त्या गाडीलाही लागली. (या गाड्या जुन्या झाल्या की त्यांना चमच्यानेही चालू करता येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे किल्ली काढून घेतात.) भोंग्यावरून पुकारा केला, मांडवामागे शोधलं, डबक्यातसुद्धा पाहिलं. कुठे पत्ता नाही. दादा, खरं सांगतो. तुला काय सांगू, हा विचार पहिला आला नाही. आता रविवारी काय करू, हा पहिला आला.

उआन म्हणाला, आता एकच मार्ग, आजोबा. त्याच्या गाडीवर मागे बसून खिंडीत आलो, थाविन पाठोपाठ. देवळापुढे लोकांनी वाहिलेल्या कोंबड्यांच्या आणि झेब्र्यांच्या मूर्ती, लाल सरबताच्या बाटल्या, प्रत्येकीत नळी घातलेली, हे सगळं ओलांडून गुडघ्यावर बसलो. उदबत्त्या पेटवल्या. नवसाला उकडलेली अंडी बोलणार होतो, तर उआनने मागून कोपर मारलं. "सवांग्या, अंड्यांवर भागणार नाही. आमच्या मेहुण्याने हरवलेल्या रेड्यासाठी अंडी बोलली, तर नुसती गळ्यातली घंटा मिळाली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच आलं होतं. आणि तोंडातून निघून गेलं, "आजोबा, गाडी मिळू दे. गाडीचा मालक डोकं भादरून सात दिवस भिक्खू होईल."

उदबत्ती अर्धीही जळली नसेल, तोच चढावर तो खोकला ऐकू आला. तो मी झोपेतही ओळखीन. लाल गाडी! तिच्यावर एक अनोळखी आजी (नाव मागाहून कळलं, बुआफान), पुढे केळफुलं, कॅरिअरला पंगतीतल्या उरलेल्या भाजीच्या पिशव्या. आजी उतरल्या त्या तडक माझ्यावरच आल्या, "तुमची का ही? अहो, ब्रेक म्हणून काही ठेवाल की नाही? मी जाताना दोनदा पाय घासत थांबले!" झालं होतं असं, की आजी जेवून आपली समजून माझी गाडी घेऊन निघाल्या. खिंडीत आल्या, आजोबांसाठी हॉर्न दाबला, तर आवाज नाही. आजोबा रुसले म्हणून त्यांची पाचावर धारण बसली. तशाच घरी पोचल्या, गाडी नीट बघितली तर आरसा एक आणि टोपली गायब. मग आजोबांची आणि गाडीवाल्याची, दोघांची माफी मागायला परत निघाल्या होत्या. माफी फक्त आजोबांची मागितली, माझ्या वाट्याला शिव्याच आल्या.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं चालायला लागलं. मी म्हटलं, आजी तर मी नवस बोलायच्या आधीच घरून निघाल्या होत्या. म्हणजे यात आजोबांनी काय केलं? उआनने माझ्या तोंडावर हात ठेवला, "हळू बोल, ऐकतायत." मी म्हटलं, ठीक, कौल लावू. तिथल्या कौलाच्या दोन लाकडी फाका घेतल्या आणि जमिनीवर टाकत विचारलं, भिक्खू होण्याऐवजी अंडी चालतील का? नाही. अंडी आणि कोंबड्याची मूर्ती? नाही. अंडी, कोंबडा आणि माणसाएवढा झेब्रा? फाका अशा उडाल्या की एक आजींच्या पिशवीत जाऊन पडली. आजी म्हणाल्या, "पुरे करा हो, म्हाताऱ्याला कशाला छळता."

तेव्हा थाविन घसा खाकरून म्हणाला, "पण मालक म्हणजे सवांग नव्हेच. नोंदणी विचियनदादाच्या नावावर आहे." दादा, पहिल्यांदा मला इतकं हायसं वाटलं की मी थाविनला मिठी मारली. आणि मिठी मारलेली असतानाच वाईट वाटलं. नवस बोलताना मालक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे मीच होतो. तुझी आठवणसुद्धा आली नव्हती. परत येताना चढावर ती दमली तेव्हा नेहमीसारखा उतरून तिच्या बरोबर चाललो, आणि सारखं मनात येत होतं, परक्याच्या गाडीबरोबर चाललोय.

असो. तर मुद्दा असा की नवस तुला फेडायचा आहे. विहारातल्या मोठ्या भंतेंच्या कानावर घातलं आहे, वस्तरा तयार आहे. डोक्याचं काही नाही, टोपी घालता येते. पण आपल्याकडे भुवयाही काढतात, हे तुला समुद्राकाठी राहून विसरायला झालं असेल. त्या एक-दोन महिन्यांत येतात परत. (आपल्या वयात पांढऱ्या येतात आणि सगळीकडे येतीलच असं नाही, असं उआनचं म्हणणं.) ओराथायबाई समजूतदार दिसतात, फोटोवरून तरी. आणि नवस नाही फेडला तरी आजोबा तुला काही करणार नाहीत, असं मला वाटतं. ते गाडी चालवणाऱ्याचं बघतात. जावयाला माझे आशीर्वाद सांग.

तुझा आज्ञाधारक,
सवांग

ता. क. आणखी एक मार्ग आहे. तू गाडी माझ्या नावावर केलीस, तर मालक मी होतो आणि तुझं डोकं वाचतं. मला हे सुचलंच नव्हतं, लमायला सुचलं. तुझ्यासाठी एवढं सोसायची माझी तयारी आहे. कागद थाविन करून देईल, तू फक्त सही कर.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, आता विहारातून लिहितो आहे. झालं असं की पत्र लमायला वाचून दाखवलं. मार्ग तिचा, ही थाप ऐकून तिने हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "गाडी आपली वाटते ना तुम्हाला? मग डोकंही आपलंच भादरा. दुसऱ्याच्या भुवयांवर कसल्या उड्या मारता!" रात्रभर तळमळलो आणि सकाळी येऊन बसलो. भुवया तिनेच केळीच्या पानात झेलल्या, तेव्हा हसली आणि मग रडली. आज चौथा दिवस. तेव्हा तुझ्यामागे नवस नाही, जावयाला भीती नाही, आणि आजोबांचं समाधान झालं की नाही ते आजोबांना माहीत. वरचं धमकावणं विसरून जा. भिक्खूला गाडी चालवता येत नाही, म्हणून रविवारी उआन तिला फिरवून आणणार आहे. त्याला बजावलंय, चढावर उतर.

ता. क. तिसरा. मोठ्या भंतेंना विचारलं, हे भिक्खूचं चीवर अंगावर असताना कुणाकडे काही मागता येतं का? ते म्हणाले, भिक्खूने तोंड उघडून मागायचं नसतं, समोरच्याने घातलं तर घ्यायचं. मग म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्या माणसाकडे मात्र मागता येतं. तू माझ्या सख्ख्या काकांचा मुलगा.

दादा, गाडी मला दे.