धोंडू आणि सगुणा यांचा मराठी वर्ग

८ सप्टेंबर १९७४, रविवार. सकाळ.
उन्हाळा संपला म्हणून मागच्या अंगणातला कूलर आवरायला घेतला. तळाशी, वाळ्याच्या ताट्यांच्या आड, मांजरीची दोन पिल्लं. एक पिवळं, एक काळंपांढरं. डोळे उघडलेले, आई बेपत्ता. उल्का तेरा वेळा म्हणाली, बाबा रख लें, प्लीज रख लें. मी ठाम नकार दिला. घर सरकारी आहे. शिवाय आठ वर्षांच्या मुलीला एकदा नाही म्हटलं की नाहीच, हे कळलं पाहिजे.

दुपार.
ठेवायची. कारण भावनिक नाही, शैक्षणिक आहे. इथे सविस्तर लिहून ठेवतो.

गेल्या मे महिन्यात कराडला आई आणि उल्का महिनाभर एका झोपाळ्यावर बसून होत्या. एक शब्द नाही. निघताना आई म्हणाली, "श्रीपाद, माझ्याच नातीशी बोलायला मला मधे माणूस लागतो रे." ते वाक्य अजून टोचतं. आई दिवाळीला इथे येतेय. गुडघे बघता एवढा लांबचा प्रवास पुन्हा व्हायचा नाही, असं तिनेच पत्रात लिहिलंय. तोवर उल्काने आजीशी मराठीत बोललंच पाहिजे.

तिला कळतं सगळं. उत्तर मात्र हिंदीत. माझ्याकडून कसूर नाही. तिने मराठीत तोंड उघडायचा अवकाश, मी तिथल्या तिथे चूक सुधारतो. तरी सहा वर्षांत प्रगती शून्य. चंदीगडची हवाच तशी.

पण पिल्लं म्हणजे कोरी पाटी. पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त मराठी बोलायचं. म्हणजे त्यांना मराठीच कळणार. म्हणजे त्यांच्याशी खेळायचं तर उल्काला मराठीशिवाय गत्यंतर नाही. इतकी सोपी युक्ती आजवर कुणालाच कशी सुचली नाही? इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडावी. पण विनयाने.

९ सप्टेंबर.
नामकरण. उल्काला ब्राउनी आणि टिंकू हवं होतं. मी पिवळ्याला धोंडू आणि काळ्यापांढऱ्याला सगुणा ठरवलं. भक्कम नावं. उल्काची आई सुनेत्रा म्हणाली की पिवळी मांजरी आहे आणि दुसरा बोका आहे, तिने उलटं करून बघितलंय. आता उशीर झाला. नावं वहीत शाईने लिहिली आहेत.

नियम : (१) पिल्लांशी फक्त मराठी. (२) चुकेल त्याने त्या दिवशी पिल्लाला हात लावायचा नाही. (३) नियम सर्वांना लागू.

१० सप्टेंबर.
उल्का दिवसभर आउट. सकाळी सात वाजताच "कितना छोटा है" म्हणाली.

मीही संध्याकाळी आउट. धोंडूने बुटात शू केली तेव्हा तोंडातून "अबे यार" गेलं. सुनेत्राने नियम तीनकडे बोट दाखवलं. बूट मराठीत धुतला.

१४ सप्टेंबर.
धोंडू "ये" म्हटल्यावर येतो! पाचपैकी पाच वेळा. हातात दुधाची वाटी होती हे खरं, पण शिक्षणात उत्तेजन लागतंच. सगुणा मंद आहे. तिच्याकडे (त्याच्याकडे) जादा लक्ष देणे.

१७ सप्टेंबर.
अडचण. शेजारच्या सरदारजींच्या मातोश्री, बीजी, अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून रोज डोकावतात. आज त्या "आ जा पुत्तर" म्हणाल्या आणि दोन्ही पिल्लं भिंतीवरून पलीकडे. त्यांनी हातावर मलई धरली होती. म्हणजे हा भाषेचा नाही, मलईचा विजय.

बीजींना नम्रपणे विनंती करायला गेलो की पिल्लांशी पंजाबीत बोलू नये. माझं हिंदी नीट समजावून सांगण्याइतकं चांगलं आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मला स्टीलचा मोठा ग्लासभर लस्सी पाजली आणि म्हणाल्या, पक्का. परत निघालो तर मागून पुन्हा "आ जा पुत्तर". मी वळून बघितलं. मला नव्हतं.

२१ सप्टेंबर, शनिवार.
मंडळाच्या गणपतीत मुलांचे कार्यक्रम. उल्काने चार ओळी पाठ केल्या होत्या. घरून निघताना तीनदा म्हणून घेतल्या, तीनदा सुधारल्या, रिक्षात आणखी दोनदा. स्टेजवर गेली आणि फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली. मग उतरून खाली आली. स्टेजची भीती. माझ्याही लहानपणी होती. सुनेत्राने परतीच्या वाटेवर डोळे मिटून घेतले. तिला थकवा आला असावा.

३० सप्टेंबर.
ऑफिसात गुरुनाथला पद्धत समजावून सांगितली. त्याची मुलं आरतीसुद्धा पंजाबी हेल काढून म्हणतात, म्हणून वाटलं त्याला उपयोग होईल. त्याने विचारलं, मांजरापेक्षा पोपट का नाही घेतला? काही लोकांना मूळ तत्त्वच कळत नाही.

६ ऑक्टोबर.
मोठं यश. उल्का पिल्लांशी हिंदी बोलायची पूर्ण थांबली! आठवडाभर एकही चूक नाही. मी अंगणात खुर्ची टाकून निरीक्षण करतो. ती पिल्लाला मांडीवर घेऊन गप्प बसते. आधी मौन, मग वाणी. भाषा आत मुरतेय. आईला पत्रात लिहिलं, नात दिवाळीला तुझ्याशी भरभरून बोलेल. पोस्टात टाकलंही.

१३ ऑक्टोबर.
सगुणाने पडदा फाडला. मी तिला पाच मिनिटं मराठीत समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसरा पडदा फाडला. बीजींनी भिंतीवरून एकच शब्द टाकला, कुठला ते कळलं नाही, आणि सगुणा पडद्यावरून उतरून खाली बसली. योगायोग.

२० ऑक्टोबर.
चाचणी. मी अंगणाच्या एका टोकाला, बीजी भिंतीशी. दोघांच्याही हातात मलई, म्हणजे परिस्थिती समान. निकाल लिहून ठेवण्यासारखा नाही. वारा त्यांच्या बाजूने होता.

३ नोव्हेंबर.
आई शनिवारी पोहोचते. उल्काची उजळणी घेतली. आजी, प्रवास कसा झाला? आजी, तुझे गुडघे कसे आहेत? अकरा वेळा म्हणून घेतलं. दहा वेळा सुधारलं, अकराव्यांदा ती रडली. हे शेवटचे कष्ट. फळ गोड असणार.

९ नोव्हेंबर, शनिवार.
आई आली. धाकटा भाऊ विश्वास सोडायला आला होता, रात्रीच्याच गाडीने परत गेला. स्टेशनवर आई वाकून म्हणाली, "काय गं उल्के?" उल्काने माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी पहिलं वाक्य सुचवलं. काही नाही. मोठ्याने सुचवलं. काही नाही. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःची पिशवी स्वतःच उचलली.

माझी मान खाली गेली. मी ते पत्र लिहायला नको होतं.

१० नोव्हेंबर.
दिवसभर तेच. आई बाजेवर, उल्का पायरीवर, मधे धोंडू. मी दोघींच्या मधे खुर्ची टाकून संभाषण सुरू करून देत होतो. माझंच चालू राहिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार.
दिवाळीच्या खरेदीसाठी अर्धी सी.एल. टाकली. सायकल बाहेर लावून मागच्या दाराने येत होतो, तर अंगणातून आवाज. आधी वाटलं रेडिओ. मग कळलं, उल्का.

मराठी. सलग. धडधडा. चुका इतक्या की मोजायला बोटं पुरली नसती. आजीला सांगत होती, शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, बीजींच्या घरी सायंकाळी काय शिजतं, तलावावर होडी कशी हलते. आई मधे मधे "मग?" म्हणत होती. फक्त "मग?". बाकी काही नाही.

मग खेळ सुरू झाला. उल्काने धोंडूला समोर बसवलं, माझा चष्म्याचा जुना डबा हातात घेतला, भुवया चढवल्या आणि म्हणाली, "चूक. परत म्हण. चूक. परत म्हण. धोंडू, आजीला पत्र गेलंय, आता बोललंच पाहिजे." आई हसून हसून ठसकली. तिने पदराने डोळे पुसले. सुनेत्रा दारात उभी राहून हसत होती. मला बघून थांबली.

मला खोकला आला. खोटा नव्हता. उल्काने वळून बघितलं, डबा खाली ठेवला आणि गप्प झाली. तीच स्टेजवरची उल्का.

संध्याकाळ.
सुनेत्राला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, "पहिल्यापासून. माझ्याशी ती मराठीतच बोलते. तुम्ही घरी नसता तेव्हा."

मी म्हटलं, मग कराडला महिनाभर गप्प का होती?

"महिनाभर तुम्हीही तिथेच होता ना."

जेवलो नाही. आईने नंतर वाटीत भात कालवून आणून दिला. मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर.
निश्चय : उल्काची एकही चूक सुधारायची नाही. कितीही मोठी असो. जीभ दाताखाली धरायची.

चहाच्या वेळी निश्चय पूर्ण पाळला. ती काही बोललीच नाही.

१३ नोव्हेंबर, दिवाळी.
बीजींकडून मिठाई आली, आपल्याकडून चकल्या गेल्या. धोंडू आणि सगुणा फटाक्यांना घाबरून बीजींच्या रजईत. पिल्लं तिथे जाऊन झोपतात हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. नावंही तिथे वेगळी आहेत. निक्का आणि निक्की. नर-मादी बरोबर लावलेली.

१५ नोव्हेंबर.
रोज दुपारी भिंतीशी वर्ग भरतो, असं कळलं. बीजी उन्हात मेथी निवडत आई आणि उल्का दोघींना पंजाबी शिकवतात. आईने आठवड्यात जेवढी उचललीय तेवढी मी सहा वर्षांत नाही. इतकी वर्षं बाजारात मी बोट दाखवतो आणि इंग्रजीत आकडा सांगतो. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
धीर करून अंगणात गेलो. मलाही बसायचंय म्हटलं. उल्काने आजीकडे बघितलं, आजीने बीजींकडे, बीजींनी माझ्याकडे. मग मला पायरीवर जागा मिळाली. खुर्ची आणू दिली नाही.

धडा : धोंडूला दूध प्यायला पंजाबीत बोलवायचं. एवढंसं वाक्य. आईने म्हटलं, आला. उल्काने म्हटलं, आला. मी सुरू केलं आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळलो. बीजी हसल्या. कानशिलं तापली. तिघी माझ्याकडे बघत होत्या आणि मला वाक्य पाठ असूनही काहीच येईना. तेव्हा कळलं, स्टेजवर कसं वाटलं असेल.

उल्का सरकून जवळ आली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, सावकाश बोला. घाई नाहीये. धोंडू थांबेल."

जन्मात पहिल्यांदा माझ्याशी सबंध मराठी. इतकं मऊ तर मी कधी तिला काही शिकवलं नव्हतं.

धोंडू थांबला नाही. भिंत ओलांडून गेला. उल्काने मात्र माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. तेही चुकलंच.