पडवीतली काचपट्टी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला काहीही लिहायला हरकत नाही. तुम्ही असतात तर हे धाडस मला झालं नसतं, कारण पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाची चूक काढून तुम्ही कागद परत केला असतात. आज शाळा नाही. पावसाचा इशारा आला की हल्ली आदल्या दिवशीच सुट्टी जाहीर होते. मी महाडात खिडकीशी बसून वरंधच्या बाजूच्या डोंगरांकडे बघते आहे. दिसत काही नाही, नुसते ढग आहेत, तरी बघते आहे. मला भीती वाटते, बाई. पन्नाशी उलटलेली, गावोगावच्या पालकांना धीर देत फिरणारी मी, आणि सकाळपासून खिडकी सोडवत नाही. घरात कुणाला सांगायची सोय नाही. मुलगा म्हणतो, "आई, तू त्या बातम्या बघू नकोस." पण मी ज्याला भिते आहे ते बातम्यांत नाहीच. ते एका वाडीवर, एका घराच्या पाठच्या पडवीत आहे, आणि ज्या मुलीला ते कळायला हवं तिलाच आम्ही कळू दिलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला आवडत नसे. आमची शाळा वरंधच्या रस्त्याला आहे. दहावीनंतर आमच्या मुलांनी सायन्स घ्यायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाडीवरून उतरायचं, एसटी पकडून महाडला यायचं, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग चार महिन्यांत सायन्स सुटतं. मुलगा असेल तर मुंबईला काकाकडे जातो आणि हॉटेलात लागतो, मुलगी असेल तर तिचं लग्न बघायला लागतात. गेल्या वर्षी एका ट्रस्टची माणसं शाळेत आली. गरीब घरच्या मुलांना पुण्यात अकरावी-बारावी सायन्स, वसतिगृह, पुस्तकं, जादा तास, सगळा खर्च त्यांच्या निधीतून. शाळेमागे एकच जागा, आणि कोणाला पाठवायचं ते विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायचं. अट एकच: गणपतीपर्यंत घरी जायचं नाही. जे मूल मधेच सोडून गेलं त्याची जागा दुसऱ्याला. मी इतकी हरखले की स्टाफरूममध्ये सगळ्यांना माझ्या खर्चाने चहा पाजला. माझा चिक्कूपणा माहीत असलेले शिपाईमामा कपाकडे संशयाने बघत होते.

मग निवड करायची वेळ आली आणि हरखणं संपलं. दोघी मुली समोर होत्या. एक रस्त्यालगतच्या गावातली, वडील एमआयडीसीत कंत्राटावर. ही पोर असे प्रश्न विचारते की उत्तर द्यायला मला आदल्या दिवशी वाचून यावं लागतं. दुसरी वाडीवरची. वडील मुंबईत वॉचमन, घरी ती आणि आई. कष्टाळू, नेटकी, पण गणितात अडखळणारी. तिच्या घरावर डोंगर आहे आणि त्या डोंगराला भेग आहे. तळीयेला दरड कोसळून गाव गाडलं गेलं तेव्हापासून आमच्याकडे डोंगराखालची माणसं पावसात कान उघडे ठेवून झोपतात. ही भेग वरच्या उतारावरून येते, परसातून जाते आणि घराच्या पाठच्या पडवीत शिरते. ती नववीत असताना प्रदर्शनासाठी मी त्या मुलीला एक साधा प्रयोग सांगितला होता. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्यायची, पडवीतल्या भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवायची. जमीन तसूभर सरकली तरी काच तडकते. तेव्हापासून ती रोज शाळेत आली की दप्तर ठेवायच्या आधी मला सांगायची, "मॅडम, काच शाबूत हाय." वर्गातली मुलं तिला चिडवायची. मी मात्र ते ऐकल्याशिवाय हजेरी घेत नसे.

मी वाडीवरच्या मुलीचं नाव दिलं. पहिली मुलगी जास्त हुशार आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी हिचंच दिलं, कारण एक तरी पोर त्या डोंगराखालून निघेल असं मला वाटलं. विज्ञानासाठी आलेला निधी मी जीव वाचवायला वापरला. हे मी कुणाला बोलले नाही. शिफारशीत 'निरीक्षणाची उत्तम सवय' असं लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. दहावीच्या निकालानंतर रस्त्यालगतच्या गावातली मुलगी पेढे घेऊन आली. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मॅडम, माझं कुठं कमी पडलं ते सांगा ना. म्हणजे पुढं सुधारता येईल." मी म्हटलं, "कुठं नाही गो." ती तशीच उभी राहिली. आता ती महाडच्या कॉलेजात येते, कधी स्टँडवर दिसते, लांबूनच हसते. ती हसली की मला तोंड लपवावंसं वाटतं.

तुमचं स्वयंपाकघर मला आता सारखं दिसतं, बाई. शाळेची प्रयोगशाळा कायम कुलपात, म्हणून रविवारी तुम्ही आम्हाला घरी बोलवायचात. ओट्यावर आमसुलाचं पाणी, त्यात खाण्याचा सोडा, आणि रंग बदलला की तुम्ही आमच्याकडे असं बघायचात की जणू तो आम्हीच बदलला आहे. एकदा तुम्ही भाकऱ्या थापत होतात आणि मी पेपरांतल्या मार्कांच्या बेरजा तपासत होते. एक मैत्रीण दोन मार्कांनी नापास होत होती. पुरात तिच्या घरातलं सगळं वाहून गेलं होतं. मी म्हटलं, "बाई, देऊया ना दोन मार्क." तुम्ही पिठाचे हात तसेच ठेवून वळलात. "दया आली तर तिला भाकरी दे. मार्क द्यायचे नाहीत." आणि खरंच, तव्यावरची भाकरी फडक्यात बांधून तुम्ही मला तिच्याकडे पिटाळलंत. मी जन्मभर हे वाक्य सांगत आले, माझ्या विद्यार्थ्यांना, नव्या शिक्षकांना. पण त्याच वर्षी तुम्ही मला पुण्याच्या विज्ञान प्रदर्शनाला नेलं होतंत. शाळेतून एकीलाच न्यायचं होतं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्यापेक्षा सगळ्यात सरस होती, आणि माझे वडील त्याच पावसाळ्यात गेले होते. मी तुम्हाला विचारलं होतं, मलाच का? तुम्ही म्हणालात, "तुझा हात स्थिर आहे." त्या एका वाक्यावर मी शिक्षिका झाले. आता या वयात मनात येतं की माझा हात खरंच स्थिर होता का? तुम्हाला विचारता येत नाही, आणि येत असतं तरी मी विचारलं नसतं.

मे महिन्यात ट्रस्टची माणसं मुलीचं घर बघायला आली, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण मुलगी. मीच त्यांना घेऊन वाडीवर चढले. घर असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. कोकम सरबत झालं, पोहे झाले. मग ते गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "तो काचेचा प्रयोग दाखवता का?" मुलगी त्यांना पडवीत घेऊन गेली आणि दारातच थबकली. सगळी पडवी शेणाने सारवलेली. भेग नाही, काच नाही, नुसती बोटांची गोल गोल नक्षी. मुलगी किंचाळलीच, "आये, ह्ये काय केलंस गो?" आईने पदर सावरला. "पावणं येणार म्हणून लिंपून काढली. भेगाळलेली जमीन पावण्यांस्नी दाखवायची व्हय?" पाहुणे हसायला लागले. मीही हसले. कितीदा बजावलं होतं त्या बाईला, एवढा एक कोपरा सारवू नकोस म्हणून. पण पाहुण्यांसमोर घर नेटकं दिसावं यापुढे विज्ञानाचं काय चालणार? मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खाली बसून नखाने शेण उकरायला लागली तसं आईने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. वल्लं हाय. पावणं गेल्यावर बघू." पाहुणे गेल्यावर मुलीचं सामान, दाखले, गाठीभेटी, आई रोज 'उद्या बघू' म्हणायची, आणि ते राहूनच गेलं. जूनमध्ये तिला महाडच्या स्टँडवर गाडीत बसवलं. आई रडली नाही. गाडी वळेपर्यंत हात जोडून उभी होती, देवळात उभं राहावं तशी.

पहिल्या रविवारी तिचा फोन आला. आधी अभ्यासाचं, मग जेवणाचं, मग हळूच: "मॅडम, काच बघाल का एकदा? आये नीट सांगत नाय." मी म्हटलं, बघते. पाऊस जरा उघडल्यावर मी चढले. या वयात ती चढण म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच, पण गेले. आई भाताची रोपं काढून नुकतीच घरात आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, "पडवीतलं शेण जरा खरवडते गो. पोरीने विचारलंय." ती पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. मी ओणवी झाले आणि चमच्याच्या देठाने खरवडायला लागले. काच सापडली. मधोमध तडकलेली होती, आणि दोन तुकड्यांमध्ये माझं करंगळीचं नख सहज शिरलं.

"तवाच तडकली व्हती," ती माझ्या मागून म्हणाली. "वळवाचा पाऊस कोसळला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. पावणं यायच्या आधी."

मी चमचा खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर ती गेली आसती? तिचं ठरल्यालं. काच तुटली तर मी पुण्याला जायची नाय, तुला सोडून. मग काय करू? पोर पाण्याला गेल्याली, तवर शेण घेतलं नि लिंपली. पावण्यांचं निमित्त बरं झालं." ती पाय धुवायला उंबऱ्याशी बसली आणि मला म्हणाली, "तुमी तरी काय येगळं केलंत, म्याडम? त्या रस्त्यावरच्या हुशार पोरीला ठेवून हिला धाडलीत. ते काय मला कळत नाय? रोज तुमचं नाव घेते मी."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. कुणी चोरी पकडावी तसं वाटलं, आणि पकडणारीच माझ्यासाठी चहा ठेवायला उठली होती. मी म्हटलं, "अगं, पण तू? तू चल खाली. माझ्याकडे चल." ती हसली. "म्हस तुमच्या बिल्डिंगीत ठेवायची? नि लावणी कोण करील?"

तशी मी गप्प बसले नाही, बाई. उतरले ती थेट तलाठ्यांकडे गेले. माणूस भला आहे, दुसऱ्याच दिवशी वर जाऊन भेग बघून आला. वाडीला नोटीस लागली. इशारा असला की वाडीतली माणसं रात्री आमच्या शाळेत झोपायला येतात. माझ्याच वर्गात, फळ्याखाली सतरंज्या टाकून. दुसरीकडे जागा बघताहेत, पण त्याला काही महिने लागतील म्हणतात. आणि उजाडलं की सगळी पुन्हा वर. गुरं वर आहेत, शेतं वर आहेत, लावणीचे दिवस आहेत. आत्ता दिवस आहे, म्हणजे मुलीची आई वर आहे. मी सकाळपासून तिचा फोन लावते आहे आणि लागत नाही. पावसात तिकडे रेंज जाते हे मला पाठ आहे, तरी प्रत्येक वेळी तो कंपनीचा गोड आवाज 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणाला की मी लगेच पुन्हा लावते. मुलीला सांगावं तर ती मिळेल त्या गाडीने निघेल, पावसात घाट उतरेल, जागा जाईल आणि येऊन राहील ती त्याच पडवीत. न सांगावं तर, काही झालं तर, ती आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही. आणि ते बरोबरच असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ना, तसं झालंय माझं.

हे लिहिता लिहिताच पुण्याहून मुलीचा फोन येऊन गेला. म्हणाली, "मॅडम, इकडं पण लय पाऊस हाय. आयेचा फोन लागत नाय." मी म्हटलं, रेंज नसेल. पाठीमागे वसतिगृहातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

"काच बघितलीत का?"

"बघितली."

"शाबूत हाय?"

"शाबूत आहे."

"मग बरं," ती म्हणाली. "मग मी जर्नल पुरी करायला बसते. उद्या द्यायचीय." आणि फोन ठेवला.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, आणि तुमच्या घराच्या जागी आता मेडिकलचं दुकान आहे. घडी करून मी तो डाळीच्या डब्याखाली ठेवीन. खिडकीबाहेर अजून तसंच आहे. मी पुन्हा त्या आईचा नंबर लावते आहे. फक्त एक सांगायचं राहिलं, बाई. "मग बरं" म्हणताना त्या पोरीचा आवाज इतका हलका झाला की मलाही क्षणभर काच खरोखरच शाबूत वाटली. तेवढा वेळ मला भीती वाटली नाही.