फाळक्यावरची थाप

१४ मार्च, दुपार

आमच्या हमालसाहेबांना,
ड्रायव्हरीणबाईंचा नमस्कार. गाडी बरी आहे, आई बऱ्या आहेत, मीही बरी आहे. फोनवर तुम्ही याच क्रमाने विचारता, म्हणून याच क्रमाने लिहिलं.

तुमचं पत्र मिळालं. त्यातल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी बातम्या.

तुमच्या आईंना सध्या एका शब्दाने वेड लावलंय. सकाळी मी म्हटलं, पिकअप धुवायचीय. मग म्हटलं, चढावर इंजिन पिकअप घेत नाही. दुपारी गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, कपाट पिकअप करायला येते. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, लोक घरं बदलायला लागले, आता तुमचा धंदा पिकअप घेणार बघा. आईंनी कपाळावर हात मारला. "अगं, एकच शब्द आणि घरभर राबतोय! सुनेसारखी गत झाली की बिचाऱ्याची." स्वतः सासू असून हे! मी हसून हसून बेजार. आता सकाळी उठताना त्याच म्हणतात, "आज गुडघ्यांना पिकअप नाही गं."

धंदा खरंच सावरलाय. तो बसला म्हणून तुम्ही तिकडे गोदामात नोकरीला गेलात, आणि तुमची पाठ फिरल्यावर त्याला जाग आली. तुमच्या जागी एक माणूस ठेवलाय. कामाला वाघ आहे. तुमच्यासारखा कुरकुरतसुद्धा नाही.

काल मात्र माझी फजिती झाली. सामान चढवलं, त्याने गाडीचा मागचा फाळका लावला आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसला. मी इंजिन चालू करून तशीच बसून राहिले. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

"बाई, निघायचं ना?"

"थाप कुठे वाजली?"

"कसली थाप? मी इथे बसलोय की!"

तुम्ही फाळका लावून त्यावर दोनदा थाप द्यायचात आणि सामान धरायला मागेच चढायचात. त्याशिवाय मी कधी गिअर टाकला नाही. बायको पुढे, नवरा मागे म्हणून लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "ड्रायव्हर चांगला असला की हमालाला झोप लागते."

त्या बिचाऱ्याला वाटलं, मला ऊन लागलं. त्याने पाणी दिलं. मी प्यायले आणि रडले. हो, भर रस्त्यात रडले.

आता तुमचा प्रश्न. "करार आणखी दोन वर्षं वाढवू का? तू म्हणशील तसं." मी आधी लिहिलं होतं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." शहाण्या बायका असंच लिहितात म्हणे. तो कागद फाडला. मी कुठली शहाणी!

वाढवू नका. परत या. मला करमत नाही. इथे आपलं भागेल. नाही भागलं तर भांडू, पण समोरासमोर भांडू. फोनवर भांडायला मजा येत नाही.

स्टेशनवर पिकअप करायला मीच येईन. बॅगा मागे टाका, फाळका लावा. पुढे येऊन बसायची घाई करू नका. आधी थाप द्या.

इंजिन चालू ठेवून थांबलेली,
तुमची ड्रायव्हरीण