मानाची गाडी आणि पिवळ्या पताका

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार

तीर्थरूप दाजी,

नमस्कार. आक्काचा गुडघा आणि आक्काचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. गुडघ्यासाठी तेल वेगळं पाठवतोय. रागाचं कारण मीच असल्यामुळं त्यासाठी हे पत्र. (फोन केला होता. माझा आवाज ओळखून तिनं 'राँग नंबर' म्हणून ठेवला. सख्ख्या भावाला राँग नंबर म्हणणारी बहीण अख्ख्या भुदरगड तालुक्यात दुसरी नसेल.)

आमच्या मोटार शर्यत महासंघाचे अध्यक्ष आबासाहेब यांच्यावर मी उन्हाळ्यात पेपरात लेख लिहिला होता, तो आपण गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलाय. महासंघाच्या पैशानं आबासाहेब सहकुटुंब दुबईला शर्यतींचा अभ्यास करायला गेले आणि येताना खजूर घेऊन आले, असा त्याचा गोषवारा. मला वाटलं, आता आपल्यावर केस होणार. (वकिलाशी बोलून ठेवलं होतं, आणि आतून जरा खूशही होतो.) झालं भलतंच. आबासाहेबांनी मला बोलावून शाल दिली, फेटा बांधला आणि 'असा परखड माणूस आपल्यात पायजे की!' म्हणत मला मुख्य पंच करून टाकलं. आता माझा वाहनांचा अनुभव म्हणजे एक स्कूटर, तीही उभी असताना माझ्या अंगावर पडलेली. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी आरसा पुढं धरला आणि दाजी, खरं सांगतो, मी फेट्यात बरा दिसतो. शिवाय फेट्यानं कान झाकले जातात, त्यामुळं आतला आवाज फारसा ऐकू येत नाही.

शर्यतीच्या दिवशी पोरं हेल्मेट घालून उन्हात उभी, आणि आबासाहेबांचं भाषण काही संपेना. संपलं तेव्हा त्यांनी पुतण्या यशराजची गाडी सगळ्यांच्या पुढं आणून लावली. सरावात ती शेवटून पहिली होती. मी कारण विचारलं, तर म्हणाले, 'मानाची गाडी हाय ती.' विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान असतो, तसा. गाडीला हार घातला, नारळ फोडला, आणि बाकीच्यांनी मागनं शिस्तीत यावं असा हुकूम सुटला. मी चाचरत म्हणालो, आबासाहेब, ही शर्यत आहे. 'व्हय की! दोन नंबरसाठी पळवा म्हणावं, कोण न्हाय म्हणतंय?'

बाकीच्या पोरांनी ऐकलं. आपल्या लेकीनं, स्वप्नालीनं ऐकलं नाही. आपण गॅरेजात रातंदिवस खपून तयार केलेली ती गाडी तिनं दुसऱ्याच फेरीत वळणावर आतून घातली आणि मानाच्या गाडीला मागं टाकून गेली. आबासाहेब उठून ओरडले, 'आरं, ह्या पोरीनं मिरवणूक मोडली की!' ती जिंकली. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. (त्या दिवसातलं माझं शेवटचं प्रामाणिक काम.)

मग महासंघात कुणीतरी पहिल्यांदाच नियम वाचला. शर्यतीत पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. आणि आमच्या मैदानाभोवती तर शोभेसाठी पिवळ्या पताकांची माळ! म्हणजे सगळी शर्यतच धोक्याची, आणि ओलांडणारी पोरगी बाद. माईक माझ्या हातात दिला, फेटा डोक्यावर होताच. मी जाहीर केलं. स्वप्नालीनं हेल्मेट काढलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, 'मामा, फेटा वाकडा झालाय.'

निकाल असाच राहिला तर कोइमतूरच्या राष्ट्रीय फेरीला यशराज जाणार. (तो तिथंही नारळ घेऊन जाईल.) तिच्या अपिलाची सुनावणी येत्या रविवारी आहे, आणि ती ऐकणार मीच. तेव्हा निर्धास्त असा. आबासाहेबांच्या कारभारात कुणाला झेंडा कळत नाही की पताका, हे मी भर सभेत परखडपणे सांगणार आहे.

आक्काला नमस्कार सांगा. घेतला नाही तर उंबऱ्याशी ठेवा.

आपला मेव्हणा (अजून असेन तर),
विजयसिंह

ता. क. पताका लावणारा मंडपवाला ज्ञानू आपल्याच गल्लीतला. रविवारी त्याला गाडीत घालून आणाच.

आणखी ता. क. आबासाहेबांची माणसं म्हणतात, पताका मुख्य पंचानं लावायला सांगितल्या, म्हणजे ते झेंडेच. त्यात खोटं काही नाही. ज्ञानूनं लाल-हिरव्या आणल्या होत्या. माझ्या फेट्याला पिवळा रंग जुळत होता, फोटो चांगला येईल, म्हणून मीच बदलायला लावल्या. हे मी सभेत तोंडानं कबूल केलं, तरच त्या शोभेच्या ठरतात आणि स्वप्नाली जिंकते. तिला ज्ञानूनं कधीच सांगितलंय. ती म्हणते, 'मामा, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.' मी बोलणारच आहे. पण त्याच सभेत, सुनावणीच्या आधी, आबासाहेबांनी माझा पुन्हा सत्कार ठेवलाय. तेव्हा ज्ञानूला पहिल्या रांगेत बसवा, आणि मी शाल घ्यायला उठलो की त्यालाही उठवा.