दत्तारामचा सेल

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३, महाड

अजून राग उतरलेला नाही. आठ दिवस दत्ताराम कामावर आला नाही, म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर पोलादपूरच्या वर, त्याच्या वाडीत गेले. जन्मांध माणूस. महाडात खुर्च्या विणायचं काम मीच मिळवून दिलं. सकाळची एसटी चुकू नये म्हणून बटण दाबलं की हिंदीत वेळ सांगणारं घड्याळही. चार महिने अर्ज खरडले त्यासाठी!

घड्याळ मुकं. त्यातला सेल भिंतीवरच्या घड्याळात!

"येकट्यासाठी कशाला बाई? भितीवरचं सगल्यांना दिसतं," त्याची वहिनी म्हणाली. सगळ्यांना? "आन् भावजींना टायम मी सांगते की."

सांगते, गाडी निघून गेल्यावर सांगते. दोनदा चुकली, मग त्याने जाणंच सोडलं.

"ऱ्हाऊ दे बाई, घरात भांडान नको," दत्ताराम कोपऱ्यातून म्हणाला. त्याच्यावरही चिडले. स्टुलावर चढले, सेल काढला आणि त्याच्या घड्याळात घातला. भिंतीवरचे काटे पाच वीसवर थांबले. उद्धटपणा झाला का? झाला. नवा सेल आणून देता आला असता का? आला असता. नाही देणार.

दारात चपला घालत होते, तोच आतून वहिनीचा घुश्श्यातला आवाज आला, "भावजी, किती वाजलं?"

दत्तारामने बटण लगेच दाबलं नाही.