माळवदाचं पाणी

सोलापूर,
१० मे १९७६

प्रिय चन्नवीर,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच दाक्षायणीवहिनींच्या हातात देशील, असं आमची रंभा म्हणते. मी म्हटलं, फोडेल. रागावायचं असलं तरी वाचून मग रागावेल. शाळेत उत्तर चुकणार हे दिसत असतानाही तू गणित शेवटच्या ओळीपर्यंत सोडवायचास, आणि मी मात्र पाठीमागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या घालायचो. त्या भरवशावर लिहितोय. सात वर्षांत आपल्यात साधं पोस्टकार्ड झालं नाही. थोरलीच्या लग्नाची पत्रिका तुला गदगला पाठवली होती. ती पोचली का, हे मी विचारलं नाही, कारण पोचली असणार हे मला ठाऊक होतं.

माझी खबर सांगायची तर गेल्या वर्षी निवृत्त झालो. ओव्हरसियरची टोपी उतरली, पण डोक्याची सवय जात नाही. कुणाच्या घरी चहाला गेलो तरी आधी मोरी कुठल्या बाजूला आहे ते बघतो. रंभा म्हणते, माणसं देव बघतात, तुम्ही गटार बघता. आता घरगुती नकाशे काढून देतो, दुरुस्त्यांचे परवाने मिळवून देतो. गुडघे दुखतात, केमला शेतावर गेलो की बांधावर बसूनच शेत बघतो. तुझ्या गिरणीत तुला अजून उभं राहावं लागतं का? दाक्षायणीवहिनींचा दमा कसा आहे? हे सगळं खरं म्हणजे आधीच विचारायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हा दोघा भावांच्या वाटणीत शिवप्पाअण्णांकडं आलेल्या घरावरचं मातीचं माळवद त्यांनी उतरवलं. तुळयांना वाळवी लागली होती, दोन तर हातानं दाबल्या तरी भुसा व्हायच्या. त्यांना आता स्लॅब टाकायचाय. परवान्याच्या अर्जासोबत पावसाचं पाणी कुठं काढणार, हे नकाशावर दाखवावं लागतं, आणि त्यासाठी त्यांनी मला बोलावलं. आज घटकेला घरावर छप्पर नाही. दोन सुना आणि नातवंडांसह सगळे ताडपत्रीखाली राहतात आणि मृग चार आठवड्यांवर आलाय. पाण्याचा निकाल लागल्याशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय स्लॅब नाही.

बोलावणं आलं तेव्हा मी दोन दिवस टाळलं. त्या अंगणात पाय ठेवायचा म्हणजे एकोणसत्तरचा तो हस्ताचा पाऊस आठवणार, हे मला माहीत होतं. तुलाही तो विसरता आला नसेल. अण्णांच्या अंगणात गुडघाभर पाणी साचलं, मागची भिंत पाणी पिऊन फुगली आणि अव्वा निजली होती त्या खोलीत कोसळली. तिचा उजवा कोपर मोडला. तुझ्या आईच्या ज्या हाताची भाकरी मी शाळेत असताना तुमच्या घरी रोज खाल्ली, शेंगाचटणीवर तेलाची धार तिनं माझ्यासाठी जरा जास्तच धरली, त्या हातानं पुन्हा भाकरी थापली नाही. तू नुकतंच तुझ्या बाजूला नवं न्हाणीघर बांधलं होतंस, अगदी मधल्या भिंतीला लागून. अण्णा म्हणाले, पाया खणताना यानं जुनी मोरी फोडली नि दगड भरून बुजवली. आणि निवाडा करायला तुम्ही दोघांनी मला बोलावलं, कारण मी दोघांचा होतो आणि सरकारी माणूस होतो.

त्या दिवशी काय झालं ते मी तुला नीट कधीच सांगितलं नाही. मी साहेबांच्या घरी सत्यनारायणाला निघालो होतो. अंगात नवी टेरिकॉटची पँट, पायात पॉलिश केलेले बूट. छत्री धरून ओट्यावर उभा राहिलो. अंगणाचा उतार तुझ्याकडे होता, ते उघड दिसत होतं. पाणी मधल्या भिंतीला टेकून उभं होतं, भिंतीपलीकडे तुझं ताजं बांधकाम. तू पाण्यात उभा होतास, धोतर खोचून. तू म्हणालास, "हिंदुराव, माझं म्हणणं एवढंच, खोदून बघ." मी म्हणालो, खोदायला काय उरलंय, दिसतंय की. आणि ओट्यावर बसूनच कागदावर लिहून दिलं की मोरी चन्नवीर यांच्या हद्दीत बंद झाल्यानं पाणी तुंबून भिंत पडली. खाली सही केली. पुढं मठात वडीलधाऱ्यांसमोर तोच कागद वाचला गेला. महिन्याभरात घराला कुलूप लावून गदगला गेलास. अव्वाला माती द्यायला आलास तेव्हाही लांब उभा राहिलास आणि आमच्यापैकी कुणाकडं घोटभर पाणी न पिता दुपारच्या पॅसेंजरनं परत गेलास. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला लोक हसतात. मी ओट्यावरून हाकल्या, आणि मला कुणी हसलंसुद्धा नाही.

मग बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ आला. जिथं प्यायला टँकरची वाट बघायची तिथं अंगणात तुंबणाऱ्या पाण्याचा विचार कोण करतो? त्या दोन वर्षांत सगळं सोलापूर पावसाचं पाणी कुठून जायचं ते विसरून गेलं. मीही सोयीनं विसरलो.

या खेपेला मात्र मी रीतसर काम केलं. पातळी बघायची पाण्याची नळी लावून अंगणाचा कोपरान्कोपरा तपासला. छपराची जागा मोजली, बाराशे चौरस फूट भरली. त्यावर एक इंच पाऊस पडला तर दीडशे बादल्या पाणी होतं. माळवद असताना ते पाणी आधी माती प्यायची आणि मग पन्हाळीतून दोन-दोन तास टिपकत राहायचं. स्लॅब काही पीत नाही. तो दीडशेच्या दीडशे बादल्या पाव तासात अंगणात ओतणार. म्हणून जुनी मोरी कुठून कुठं जाते, ती केवढी आहे, हे कळल्याशिवाय मला रेघ ओढता येईना. अण्णा म्हणाले, त्यात काय कळायचंय, ती चन्नवीरच्या न्हाणीखाली मेलीय. मी साखरपेठेतल्या ओळखीच्या रंगाऱ्याकडं गेलो. चादरीच्या सुताला देऊन उरलेला लाल रंग त्यानं दोन डबे भरून दिला. तो संध्याकाळी अंगणातल्या मोरीच्या तोंडात ओतला, वरून विहिरीचं पाणी सोडलं आणि तुझ्या दारापुढच्या रस्त्याच्या गटारापाशी जाऊन बसलो. मोरी फुटून का होईना तुझ्याकडं जात असती, तर कुठंतरी लाली दिसायला हवी होती. काहीच दिसलं नाही. अण्णा विजयी मुद्रेनं म्हणाले, बघा, बुजवलीय म्हणून येत न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा गवंड्याला घेऊन मी तोंडापासून खोदायला लावलं. यंदा मी स्वतः खड्ड्यात उतरलो, गुडघ्यांची पर्वा केली नाही. हातभर खाली दगडी मोरी लागली, तुमच्या आजोबांच्या वेळची, तासलेल्या दगडांची. तिच्यात काठोकाठ पांढरी माती भरली होती आणि तिला लाल रंग चढला होता. आम्ही त्या लाल मातीच्या मागं मागं खोदत गेलो. चन्नवीर, मोरी मधल्या भिंतीकडं गेलीच नाही. भिंत चार हात लांब असतानाच ती काटकोनात वळते आणि मागच्या बोळाकडं जाते. तुझ्या हद्दीत ती कधी नव्हतीच. तू फोडणार काय आणि बुजवणार काय?

माती कुठली ते मला हातात घेताच कळलं, तुलाही कळलं असेल. माळवदावरची पांढरी. दरवर्षी मृगाआधी जुनी सुटी झालेली माती खरवडायची आणि नव्या पाट्या चढवायच्या, हे सगळेच करतात. पण बाकीचे लोक जुनी माती उकिरड्यावर नेऊन टाकतात. तुमच्या घरात अव्वाचा दंडक वेगळा होता. ज्या मातीनं वर्षभर डोक्यावर छाया धरली ती उकिरड्यावर टाकायची नाही, घराची माती घरातच जिरली पाहिजे. म्हणून ती अंगणात उतरवायची आणि वरून घागरी ओतून अव्वा स्वतः ती मोरीच्या तोंडाशी सारायची. आपण दोघांनीच तिला किती घागरी ओढून दिल्यात! चाळीस वर्षांची पांढरी त्या मोरीत थरावर थर बसून दगड झाली होती. ज्या भिंतीनं तिचा हात मोडला, ती तिच्याच भक्तीनं पडली. मी हे लिहितोय आणि मला रडू येतंय, ते येऊ दे. आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि इथं तर चोरसुद्धा नव्हता.

अण्णा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी ती माती बोटांनी चोळून पाहिली आणि तिथंच मातीच्या ढिगावर बसले. थोरली सून चहा घेऊन आली, तो तसाच निवला. मग म्हणाले, "अव्वाच सारत हुती की वं. मी दरसाल बघत हुतो. आन् तम्माला, माझ्या धाकट्याला, मी काय काय बोललो." त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असा हा माणूस, पण त्या दिवशी पीळही गेलेला मी पाहिला.

तरी प्रश्न सुटलेला नाही. मोरी साफ केली, पण मागच्या बोळात वर्षानुवर्षं खडी-मुरूम पडून बोळच अंगणापेक्षा हातभर उंच झालाय. तिकडं आता पाणी चढणार नाही. नळीनं चारदा पाहिलं, उतार एकाच बाजूला आहे. मधल्या भिंतीखालून, तुझ्या अंगणातून, पुढच्या रस्त्याच्या गटाराला. दुसरी वाट नाही. मी तसं अण्णांना सांगितलं, चन्नवीरची संमती मागा म्हणालो. त्यांनी मान हलवली. "सात वर्सं ज्याच्यावर आळ घेतला, त्याच्याच दारातनं माझं पानी काढा म्हनू? न्हाय व्हायचं. हिंदुराव, स्लॅबच नगं मला." चार आठवड्यांनी पाऊस येणार आणि हे ताडपत्रीखाली बसून राहणार. मुलांनी समजावलं, सुनांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. तुला पत्र लिही म्हटलं तर म्हणाले, कुठल्या तोंडानं?

गेल्या सोमवारी मी मठात गेलो होतो. त्या वेळच्या मंडळींपैकी दोघंच आता आहेत. त्यांच्यासमोर आणि आलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं की माझा कागद खोटा होता, मी न बघता सही केली आणि चन्नवीरचा काडीचा दोष नव्हता. तेच लिहूनही दिलं, त्याची नक्कल सोबत ठेवलीय. माफी मागायची मला लाज वाटते, कारण माफीनं सात वर्षं परत येत नाहीत आणि अव्वाही येत नाही. पण मागतो. मला माफ कर.

आणि हे पत्र आजच का लिहिलं, तेही सांगून टाकतो. अण्णांना न सांगता मी नकाशा पुरा केलाय. दोन काढलेत, एकात पाणी तुझ्या अंगणातून जातं, दुसऱ्यात अण्णांची एक खोली सोडून तिथं मोठा हौद. तू कुठल्याही नकाशाला हो म्हण किंवा दोन्हींना नाही म्हण, तो तुझा हक्क आहे, आणि खरं काय ते कळल्यावरच तू तो वापरावास म्हणून आधी सगळं लिहिलं. पण अर्जाच्या तळाशी एक ओळ असते, जागेची मी स्वतः पाहणी केली आहे, आणि तिच्याखाली माझी सही लागते. काल पेन उचललं आणि ठेवून दिलं. तुझं अंगण मी अजून पाहिलेलं नाही, चन्नवीर. तेव्हा पाहिलं नाही आणि आता दाराला तुझं कुलूप आहे. मुलं म्हणाली, तोडू या. अण्णा दारासमोर जाऊन बसले, म्हणाले, त्या कुलपाला हात लावाल तर खबरदार. तर किल्ली तुझ्याकडं आहे. ती पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझाच,
हिंदुराव