काशीला सोडलेली गोळी

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. आवडास,

बद्रीदादाचा पोटभर आशीर्वाद. तू, सोमनाथराव, राजनंदिनी आणि गोठ्यातली मंडळी सगळे सुखात असाल. तुझे गुडघे काय म्हणतात? सोमनाथरावांचा राग उतरला का? (कशावरून आला होता ते विचारत नाही, त्यांनाही आता आठवत नसेल.) फोन असताना दादा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. एक तर फोन वाजला की मी अजून जागच्या जागी उडतो, आणि दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू विचारलंस, नंदिनीच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा राहशील ना. नवरीमागं मामाच लागतो आणि तिला मामा एकच आहे, हे मला कळतं. उत्तर देतो. पण आधी माझं काय झालं ते नीट ऐक, कारण भावकीत भलत्याच कथा फिरताहेत.

गेल्या वर्षी आम्ही काशीला गेलो (म्हैस व्यायला झाली म्हणून तू राहिलीस). काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची असते, पण आपल्या लोकांनी त्यातही पळवाट काढलेली आहे. तुझ्या वहिनीनं, वच्छलानं, फणस सोडला, जो आमच्या घरात आजवर कधी आलाच नाही. सोमनाथरावांनी शेपू सोडला, आणि डोळे असे मिटले की जणू राज्यच सोडताहेत. मला वाटलं, आपण तरी देवाला फसवू नये. वाळूजच्या कंपनीत पाळ्या बदलून बदलून माझी झोप उडाली होती, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी रिटायर झाल्यावरही वर्षानुवर्षं घेत होतो. पिशवीतली सगळी पाकिटं काढली, एकेक गोळी फोडली आणि गंगेत सोडली. पंडा खूश, वच्छलाच्या डोळ्यांत पाणी, आणि सोमनाथरावांच्या शेपूला कुणी विचारेना. (तिथले मासे अजून जागे झाले नसतील.)

पुण्य परतीच्या गाडीतच उतरायला लागलं. घरी आलो तर झोप नाही, हात लटलटा कापताहेत, अंगाला घाम आणि कातडीखाली मुंग्या. मला वाटलं ढेकूण झाले. गाद्या उन्हात घातल्या, पलंग धुतला, शेवटी कळलं की ढेकूण पलंगात नसून माझ्यातच आहेत. फ्रिजची घरघर मला कंपनीतल्या प्रेससारखी ऐकू यायची. कुकरची शिट्टी झाली की मी भिंत धरायचो. टीव्हीवर डाळीची जाहिरात लागली आणि मी हुंदके देऊन रडलो. वच्छला म्हणाली, "अवं, डाळ स्वस्त झाली म्हणतेत, रडता कशाला?"

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या कडूबाईंनी दृष्ट काढली. वच्छलानं काशाच्या वाटीनं तळपाय इतके घासले की ते आरशासारखे दिसायला लागले. जायफळ दुधात झालं, तुपात झालं, एकदा चुकून वरणात झालं. डॉक्टरकडं मात्र कुणी जाऊ देईना, कारण गोळीचं नाव काढलं की वच्छला म्हणायची, "काशीला सोडलेलं परत तोंडात घ्यायचं नाय, लई पाप लागंल." असे कितीतरी महिने गेले. आवडे, खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. वाटायचं, आपण आता कायमचेच असे झालो.

शेवटी वच्छलाच घाबरली आणि मला रिक्षात घालून औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. गंगेची हकिकत ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, तुम्ही चालत्या बसमधून उडी मारली. अशी गोळी एकदम बंद केली तर फेफऱ्यासारखे झटकेसुद्धा येतात, तुम्ही वाचलात. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते." मग माझी सगळी तपासणी करून सांगितलं, की इतके महिने निघालेत तर मला ती परत सुरू करायची गरज नाही. त्रास लाटेसारखा येईल, जाईल, पण मी बरा होणार. (वच्छलानं तिथल्या तिथं हात जोडले. पापाचाही प्रश्न मिटला होता.)

आणि खरंच उतार पडतोय. लाटा येतात, पण मधले चांगले दिवस वाढलेत. मागच्या खेपेला बाईंकडं बाकावर नंबरची वाट बघत होतो, तर बसल्या बसल्या घोरायला लागलो. बाई बाहेर आल्या, मला बघितलं आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण करून पुढच्या पेशंटला आत घेतलं. जाग आली तेव्हा दवाखान्यात मी, वच्छला आणि झाडू मारणाऱ्या मावशी एवढेच उरलो होतो. वच्छला येताना इम्रती घेऊन आली आणि आळीत वाटत सुटली. लोकांना वाटलं नातू झाला.

तर उत्तर असं, की मी येणार. नंदिनीच्या मागं उभा राहणार. हात थरथरला तर अक्षता इकडं-तिकडं पडतील, दोन नवरदेवाच्या मामावर पडल्या तर पडू देत. ज्या दिवशी मला वाटलं होतं की हे आपल्याच्यानं होणार नाही, त्या दिवशी मी लई रडलो होतो. आता उभा राहीन असं वाटतंय, हेच मला पुष्कळ आहे.

सोमनाथरावांना नमस्कार, नंदिनीला गोड पापा.

तुझा,
बद्रीदादा

ता. क. मधल्या पानावर शाईची लांब रेघ आहे. लिहिता लिहिता डुलकी लागली, पेन घसरलं. वच्छला म्हणते पान बदला. मी बदलणार नाही.

ता. क. डीजे मंडपापासून जरा लांब लावायला सांग.

ता. क. आता मुद्द्याचं. परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की दादाच्या गोळ्या सुटल्या, आता लग्न नीट पार पडावं म्हणून मीपण माझी झोपेची गोळी सोडायचं देवाला बोलून टाकते. तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. वरचं सगळं त्याच्यासाठी लिहिलं. देव रागावणार नाही, त्याची समजूत मी घालतो. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं तुमच्या देवगावला येतोय, गोळ्यांचं पाकीट आणि डॉक्टरची चिठ्ठी काढून ठेव, आपण दोघं मिळून बाईंना विचारू. तोवर रोजची गोळी रोजच्या वेळेला मुकाट्यानं घे. तुला माझी आण आहे.